सुटलेला एक, सोडवणारे अनेक

(जॉन बॉइल ओरायली यांचे जीवन आणि त्यांची 'मूनडाइन' ही कादंबरी)

काही लेखकांचे आयुष्यच त्यांच्या पुस्तकांच्या आड उभे राहते. जॉन बॉइल ओरायली हे अशांपैकी एक होत. आयर्लंडमध्ये जन्म, ब्रिटिश सैन्यात नोकरी, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गुप्त संघटनेत सहभाग, मृत्युदंड, तो रद्द होऊन वीस वर्षांची सक्तमजुरी, ऑस्ट्रेलियातील कैद्यांच्या वसाहतीत रवानगी, तेथून पलायन आणि अखेर अमेरिकेतील बॉस्टन शहरी एका कॅथॉलिक साप्ताहिकाचे संपादकपद! अवघ्या शेहेचाळीस वर्षांत हे सारे घडलेल्या माणसाने कैद्यांच्या वसाहतीवर कादंबरी लिहिली म्हटल्यावर तो आपलीच कहाणी सांगणार, अशी वाचकाची अपेक्षा असते. १८७९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली 'मूनडाइन' ती अपेक्षा पुरी करीत नाही.

ज्याच्यापाशी इतकी थरारक सत्यकथा होती त्याने कल्पित कथा का लिहावी, आणि लिहिताना सत्यातले काय ठेवले व काय गाळले, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचा मागोवा घेताना आम्हांला असे दिसून आले की, या कादंबरीत जे उणे आहे तेच ओरायली यांच्या आयुष्यात भरभरून होते. आणि आपल्या श्रद्धेशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून आधी त्यांच्या आयुष्याकडे वळू.

ओरायली यांचा जन्म २८ जून १८४४ रोजी बॉइन नदीकाठच्या डाउथ या गावी झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. दुसऱ्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडचा महादुष्काळ सुरू झाला. त्या पिढीच्या प्रत्येक आयरिश मनुष्याच्या मनात ही उपासमार घर करून होती, हे विसरून पुढचा इतिहास समजणार नाही. लहान वयातच जॉन एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. पुढे इंग्लंडमधील प्रेस्टन येथे मावशीकडे राहून त्याने वृत्तपत्राचेच काम केले. १८६३ साली तो डब्लिनमध्ये दहाव्या हुसार या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाला आणि थोड्याच काळात फेनियन चळवळीत ओढला गेला. सशस्त्र उठाव करून आयर्लंड स्वतंत्र करावे हे त्या चळवळीचे ध्येय होते. सैन्यातील आयरिश शिपायांना गुप्तपणे तिच्याकडे वळवण्याचे काम त्याने पत्करले. फेब्रुवारी १८६६ मध्ये त्याला अटक झाली. नियोजित बंडाची माहिती असूनही ती वरिष्ठांना दिली नाही, या आरोपावरून लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. जुलै महिन्यात मृत्युदंड झाला. पुढे त्याऐवजी वीस वर्षांची सक्तमजुरी आली. त्या वेळी त्याचे वय बावीस वर्षांचे होते.

इंग्लंडमधील मिलबँक, चॅटम, पोर्ट्स्मथ, डार्टमूर अशा तुरुंगांची दारे पाहून झाल्यावर ऑक्टोबर १८६७ मध्ये त्यांना 'हुगोमाँ' नावाच्या जहाजावर चढवण्यात आले. या जहाजावर सुमारे २८० कैदी होते. त्यांतले ६२ फेनियन. ऑस्ट्रेलियाला कैदी घेऊन गेलेले हे शेवटचे जहाज. जानेवारी १८६८ मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास लागले आणि जवळजवळ ऐंशी वर्षे चाललेली एक अमानुष प्रथा तेथे संपली. मात्र प्रथा संपली म्हणून जहाजातल्या माणसांची शिक्षा संपली नाही.

या प्रवासातील एक गोष्ट साहित्यप्रेमी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. जहाजाच्या पोटात फेनियन कैद्यांनी 'द वाइल्ड गूस' म्हणजे 'रानहंस' या नावाचे एक हस्तलिखित साप्ताहिक चालवले. मायभूमी सोडून परदेशी सैन्यांत गेलेल्या आयरिश योद्ध्यांना पूर्वी हेच नाव पडले होते. जॉन फ्लड हे त्याचे संपादक आणि ओरायली हे एक प्रमुख लेखक. एकूण सात अंक निघाले. सिडनी येथील ग्रंथालयात ते आजही जपून ठेवलेले आहेत. एकेका अंकाची एकच प्रत, ती मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. कविता, कथा, विनोद, प्रवासवर्णन असे सारे त्यात असे. ज्यांच्यापासून सर्व काही हिरावून घेतले होते त्यांनी प्रथम मागितले ते शाई आणि कागद, हे वाचताना कोणाही नियतकालिकाच्या वाचकाला आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ओरायली कैदी क्रमांक ९८४३ झाले. बनबरी गावाजवळ रस्ता बांधणाऱ्या कैद्यांच्या टोळीत त्यांना धाडण्यात आले. लिहिता-वाचता येणारा कैदी म्हणून वॉर्डर त्यांना निरोप्याचे काम देई. त्यामुळे वॉर्डरच्या घरी त्यांचे जाणे-येणे होऊ लागले आणि त्याच्या मुलीवर त्यांचे मन जडले. त्या प्रेमाला भविष्य नव्हते. २७ डिसेंबर १८६८ रोजी, म्हणजे नाताळनंतर दोनच दिवसांनी, त्यांनी हाताची शीर कापून घेतली. बेशुद्ध पडलेल्या ओरायली यांना दुसऱ्या एका कैद्याने पाहिले आणि त्यांचा जीव वाचला. त्या निराशेचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांला नाही. एवढेच नोंदवतो की त्यांना वाचवणारा पहिला हात एका सहकैद्याचा होता.

दुसरा हात होता फादर पॅट्रिक मॅककेब यांचा. दूरदूरच्या छावण्यांवर घोड्यावरून फिरून कैद्यांची आध्यात्मिक सेवा करणारे हे आयरिश धर्मगुरू. रानातून पळून जाण्याचा आपला बेत ओरायली यांनी त्यांना सांगितला, तेव्हा असे पळणे म्हणजे मरणच होय असे समजावून त्यांनी तो बेत मोडून काढला. पुढे काही महिन्यांनी तेच दुसरा, अधिक विचारपूर्वक आखलेला मार्ग घेऊन आले. येथे एका विरोधाकडे डोळेझाक करून चालणार नाही. आयर्लंडमधील धर्माधिकाऱ्यांचा फेनियन चळवळीस विरोध होता. पुढे १८७० मध्ये रोमनेही तिचा स्पष्ट निषेध केला. गुप्त शपथा आणि हिंसेचा मार्ग ख्रिस्तसभेला मान्य होण्यासारखा नव्हताच. फादर मॅककेब यांना ही भूमिका ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? त्यांच्यासमोर मात्र चळवळ नव्हती, जीव घेऊ पाहणारा पंचविशीतला एक तरुण होता. सरकारच्या कायद्याच्या दृष्टीने त्यांनी केले ते निःसंशय गैर. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाच्या वेळी ज्यांच्याविषयी आपल्याला जाब विचारला जाणार आहे त्यांत तुरुंगातला मनुष्यही आहे. या दोहोंतून फादरांनी कोणते निवडले हे त्यांच्या कृतीवरून दिसते.

१८ फेब्रुवारी १८६९च्या रात्री ओरायली छावणीतून निसटले. डार्डनप येथील जेम्स मॅग्वायर हे आयरिश वसाहतकरी घोडे घेऊन वाटेत थांबले होते. किनाऱ्यावरून होडीने समुद्रात जाऊन देवमाशांची शिकार करणाऱ्या एका अमेरिकन जहाजाला गाठायचे ठरले होते. पण ते जहाज त्यांना न पाहता निघून गेले. मग वाळूच्या टेकड्यांत लपून राहणे आले. दरम्यान मार्टिन बोमन नावाच्या एका गुन्हेगाराला बेताचा सुगावा लागला. मलाही न्या, नाही तर पोलिसांना सांगतो, अशी त्याने धमकी दिली. मार्चच्या प्रारंभी फादर मॅककेब यांनी 'गझेल' या दुसऱ्या जहाजाच्या कप्तानाशी बोलणे केले आणि ओरायली व बोमन दोघेही त्यावर चढले. पुढे रॉड्रिग्ज बेटावर ब्रिटिश अधिकारी तपासाला आले. बोमन पकडला गेला. तो तोंड उघडील ही भीती उभी राहिली. तेव्हा जहाजावरील अधिकारी हेन्री हॅथवे याने रात्री धार लावण्याचा दगड आणि ओरायली यांची टोपी समुद्रात टाकून 'त्याने जीव दिला' अशी हाकाटी केली. कप्तानालाही ते खरे वाटले. ब्रिटिश अधिकाऱ्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. पुढे जहाजे बदलत, शेवटी 'बॉम्बे' नावाच्या जहाजाने, नोव्हेंबर १८६९ मध्ये ओरायली फिलाडेल्फिया बंदरात उतरले.

आता कादंबरीकडे पाहावे. 'मूनडाइन' या नावाने ओळखला जाणारा जो हा कैदी पळून रानात जातो. तेथील मूळ रहिवासी त्याला आसरा देतात, आणि डोंगरातील एका सोन्याच्या खाणीचे त्यांचे गुपित त्याला कळते. पुन्हा पकडला गेल्यावर तो सुटकेच्या मोबदल्यात आयझॅक बोमन नावाच्या सार्जंटला तेथे नेतो. सार्जंट विश्वासघात करतो, म्हाताऱ्या मुखियाला ठार मारतो, सोने घेऊन पळतो आणि वाळवंटात मरतो. पुढे मूनडाइन 'वायव्हिल' या नावाने अतिशय श्रीमंत, थोर गृहस्थ म्हणून इंग्लंडमध्ये प्रकट होतो व तुरुंगव्यवस्थेच्या सुधारणेसाठी झटू लागतो. त्याच वेळी लँकाशायरमधील ॲलिस वॉल्म्स्ली ही साधी खेडवळ मुलगी, स्वतःच्या बाळाच्या खुनाचा खोटा आळ येऊन, मिलबँक तुरुंगात खितपत पडलेली असते. तिच्यावर प्रेम करणारा विल शेरिडन हा दर्यावर्दी तिचा शोध घेत येतो. सारी पात्रे 'हुगोमाँ' जहाजातून ऑस्ट्रेलियाला जातात, निरपराधीपणा सिद्ध होतो, आणि शेवटी रानातल्या भयंकर वणव्यात दुसऱ्यांचे प्राण वाचवू पाहणारा वायव्हिल स्वतः मरण पावतो.

कथानक एवढे सांगितल्यावर तिचे दोष वेगळे दाखवण्याची फारशी गरज उरू नये. योगायोगांची रेलचेल, सज्जन अतिसज्जन आणि दुर्जन अतिदुर्जन, हे त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीचे सारे रोग येथे आहेत. 'मूनडाइन जो' हे नाव तेथील एका खऱ्या, वारंवार पळणाऱ्या कैद्याचे. पण त्या जोसेफ जॉन्सच्या आयुष्याशी या नायकाचे नाते नावापुरतेच. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्त्री-कैदी कधीच पाठवण्यात आल्या नाहीत. तरी ॲलिस तेथे कैदी म्हणून जाते. मुखियाचे 'ते-माना-रोआ' हे नाव त्या भागातील नूंगार लोकांच्या बोलीचे नसून न्यूझीलंडच्या माओरी भाषेच्या वळणाचे आहे. स्वतः त्या रानात राहिलेल्या लेखकाने असे लिहावे याचे नवल वाटते. ज्या लोकांच्या भूमीवर ही वसाहत उभी राहिली त्यांना ओरायली आदराने पाहतात हे खरे. तरीही ते त्यांना खरीखुरी माणसे म्हणून दिसलेले नाहीत. सोने देणारे उदात्त वनवासी, एवढीच त्यांची भूमिका.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल जातो. कादंबरीत सर्वांना सोडवणारा एकच आहे. त्याच्यापाशी अमाप सोने आहे, सत्ता आहे, ज्ञान आहे, आणि त्याला स्वतःला कोणाची गरज भासत नाही. आता त्याच्याशेजारी लेखकाचे आयुष्य ठेवून पाहा. सहकैदी, धर्मगुरू, मॅग्वायरसारखा कष्टकरी, होडी वल्हवणारे, खोटी हाकाटी करणारा हॅथवे, अशा अनेकांनी थोडेथोडे केले म्हणून एक मनुष्य सुटला. यांतील कोणाजवळही सोन्याची खाण नव्हती. प्रत्येकाने धोका पत्करला, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काम आले ते लहानसे. देवाची कृपा माणसांच्या हातून, तीही सामान्य माणसांच्या हातून वाहते, हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत. ओरायली यांनी ते प्रत्यक्ष अनुभवले होते. कादंबरी लिहिताना मात्र त्यांनी हे सारे हात पुसून टाकले आणि त्यांच्या जागी एक महापुरुष उभा केला.

याचे एक समर्थन होऊ शकते, आणि ते सांगणे न्यायाचे आहे. १८७९ साली यांतील पुष्कळ माणसे हयात होती. ब्रिटिश अमलाखाली होती. त्यांची खरी कहाणी छापणे म्हणजे त्यांना संकटात टाकणे. कदाचित म्हणूनच लेखकाने मौन पाळले. हे मान्य करूनही प्रश्न उरतो; कारण एक नाव त्यांनी लपवले नाही. कादंबरीतील विश्वासघातकी सार्जंटाचे आडनाव बोमन आहे! मदत करणाऱ्यांना कादंबरीत जागा मिळाली नाही, धमकी देणाऱ्याला मिळाली. उपकारापेक्षा अपकाराची आठवण लेखणीतून लवकर उतरते, हा मनुष्यस्वभाव येथेही दिसतो.

मराठी वाचकाला कारागृहवाङ्मय अपरिचित नाही. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' मध्ये कैदी स्वतःच बोलतो. अंदमानची कोठडी आणि कोलू त्याच्याच शब्दांत आपल्यासमोर उभे राहतात. त्या वळणाची अपेक्षा ठेवून 'मूनडाइन' हाती घेणाऱ्याची निराशा होईल. पण याच ठिकाणी या कादंबरीचे खरे मोठेपणही आहे, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. ज्या इंग्रज सत्तेने तारुण्य हिरावून घेतले तिच्यावर सूड उगवण्यासाठी ओरायली यांनी लेखणी हाती धरली नाही. त्यांचा नायक फेनियन नाही, त्यांची नायिका आयरिश नाही. ज्या लँकाशायरमध्ये त्यांनी उमेदीची काही वर्षे काढली तेथील एका इंग्रज खेडूत मुलीला त्यांनी आपल्याच मिलबँकच्या कोठडीत बसवले आणि आपले एकाकीपण तिच्या वाट्याला दिले. कथेतल्या सोन्यापेक्षा ती कोठडी अधिक खरी वाटते, कारण तेथे लेखकाला काही रचावे लागलेले नाही. शत्रूच्या लेकीचे दुःख आपले म्हणून लिहिणे ही क्षमेचीच एक रीत नव्हे काय? शिक्षेने माणूस मोडावा की घडावा, हा वायव्हिलचा प्रश्नही आज जुना झालेला नाही.

कादंबरीत जे लिहिता आले नाही ते ओरायली यांनी जगून दाखवले. १८६९ साली सरकारने नागरी फेनियनांपैकी बहुतेकांना माफी दिली. सैनिकांना दिली नाही. त्यांतील काही जण फ्रीमँटलमध्ये तसेच राहिले. त्यांच्यापैकी जेम्स विल्सन याचे आर्त पत्र १८७४ मध्ये अमेरिकेतील जॉन डेव्हॉय यांच्या हाती पडले. डेव्हॉय यांनी ओरायली यांचा सल्ला घेतला आणि ओरायली यांनी त्यांना पाठवले ते न्यू बेडफर्डच्या हेन्री हॅथवेकडे. समुद्रात टोपी फेकणारा हात पुन्हा एकदा पुढे झाला. 'कॅटाल्पा' हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज विकत घेतले गेले. १७ एप्रिल १८७६ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, डॅराग, होगन, हॅरिंग्टन, हॅसेट, क्रॅन्स्टन आणि विल्सन हे सहा जण फ्रीमँटलहून निसटून त्या जहाजावर पोहोचले. हा सारा खर्च अमेरिकेतील आयरिश लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. येथेही सोन्याची खाण नव्हती; कष्टकऱ्यांची पदरमोड होती.

त्याच वर्षी आर्चबिशप जॉन विल्यम्स यांच्यासह ओरायली यांनी 'द पायलट' हे बॉस्टनचे कॅथॉलिक साप्ताहिक विकत घेतले. आधीच्या मालकाकडे गोरगरीब आयरिश लोकांनी ठेवी ठेवल्या होत्या आणि त्याच्या दिवाळ्यात त्या बुडाल्या होत्या. कायद्याने बांधलेले नसतानाही नव्या मालकांनी त्या ठेवी वर्षानुवर्षे फेडल्या. तरुण येट्ससारख्यांचे लेखन या पत्राने छापले. आपल्या लोकांप्रमाणेच कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या हक्कांसाठीही ओरायली लिहीत राहिले. त्यांच्यातील क्रिस्पस अटक्स या हुतात्म्याच्या स्मारकासाठी १८८८ साली त्यांनी कविता रचली. आयर्लंडला ते कधीच परत जाऊ शकले नाहीत. १० ऑगस्ट १८९० रोजी, झोप येत नसल्यामुळे पत्नीचे औषध घेतल्यानंतर, त्यांचा मृत्यू झाला. तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या मनातून तुरुंग सुटतोच असे नाही, असे त्या अखेरच्या रात्रीविषयी वाचताना मनात येते.

म्हणून आमचे मत असे की, 'मूनडाइन' वाचावी, पण एकटी वाचू नये. तिच्यासोबत बनबरीची ती वाळू, घोड्यावरून निघालेले फादर मॅककेब, धारेच्या दगडासह बुडालेली टोपी आणि 'कॅटाल्पा'साठी गोळा झालेली वर्गणी हेही वाचावे. सोन्याच्या डोंगरावर उभा असलेला मुक्तिदाता आपल्या धर्मग्रामात कधी येणार नाही. वाट दाखवणारा, घोडा धरून थांबणारा, होडी वल्हवणारा मात्र आपल्यापैकी कोणीही होऊ शकतो. लेखक ओरायली यांनी ज्यांना आपल्या पुस्तकात जागा दिली नाही, त्यांच्यामुळेच ते पुस्तक लिहायला लेखक जिवंत राहिला.